वळवापासून मृगापर्यंत: आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी हलकं, परवडणारं वॉटरप्रूफ जॅकेट कसं निवडावं

बेळगावात एप्रिल-मेचा एकच दिवस दोन ऋतू दाखवतो. दुपारी पारा ३५-३६ अंशांवर असतो. चार-साडेचारला आभाळ काळवंडतं, धुळीचा लोट उठतो आणि अर्ध्या तासात गटारी रस्त्यावर येतात. सहाला परत उघडतं, डांबरातून वाफा निघायला लागतात. अशा वेळी अंगात जाड रेनकोट असेल तर माणूस पावसानं नाही, घामानं भिजतो. म्हणून कितीतरी जण वळवात रेनकोट घेतच नाहीत. दुकानाच्या फळीखाली थांबतात किंवा भिजत घरी जातात.

या दिवसांसाठी वेगळं जॅकेट लागतं. वजनाला हलकं, घडी घातली की कॉलेजच्या बॅगेत किंवा गाडीच्या डिकीत मावणारं, आणि घातल्यावर जीव घाबरा न करणारं. पाणी अडवणारं कापड हल्ली हजार-दीड हजारातही मिळतं. अवघड असतं ते घामाला वाट देणं. आपल्या हवेत जॅकेटची खरी परीक्षा तिथेच होते, म्हणून निवड करताना सगळ्यात जास्त लक्ष त्याच गोष्टीवर द्या.

आधी आपला पाऊस आणि आपली वाट ओळखा

आपल्या जिल्ह्यात पाऊस सगळीकडे सारखा नाही. मलप्रभा उगम पावते ते कणकुंबी, जांबोटी आणि चोर्ल्याचा भाग सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. तिथला पाऊस दमदार आणि लांबणारा. खानापुरात तो थोडा कमी, बेळगाव शहरात आणखी कमी. पूर्वेला गोकाक, रायबाग, अथणीकडे सरकलं की पर्जन्यछायेचा कोरडा पट्टा लागतो. निपाणी-चिकोडी या दोन्हींच्या मधोमध. त्यामुळे अथणीच्या माणसाला आणि जांबोटीच्या माणसाला एकच जॅकेट सुचवणं चुकीचं ठरेल. अथणी-रायबागला वळवापुरतं साधं, स्वस्त, खूप हलकं जॅकेट पुरतं. खानापूरच्या पश्चिमेला राहणाऱ्यानं हलकं जॅकेट मेअखेरपर्यंतच वापरावं आणि मृगानंतर जाड रेनकोट-पँट काढावी. एकाच कपड्यात दोन्ही कामं भागवायला गेलात तर दोन्ही अर्धवट होतील.

मग वाहन बघा. टिळकवाडीतून कँपात चालत किंवा बसनं जाणाऱ्याच्या अंगावर पाऊस वरून पडतो. उद्यमबागला किंवा काकती-यमकनमर्डीकडे दुचाकीनं जाणाऱ्याच्या अंगावर तो समोरून आदळतो आणि हायवेवर ट्रकच्या चाकांचं पाणीही वेगळं उडतं. ताशी ५०-६० किलोमीटर वेगात थेंबाचा मारा छातीवर आणि मांडीवर बसतो. छातीवरची चेन, गळा आणि मनगट ही तीन ठिकाणं तिथे महत्त्वाची. चालणाऱ्याला खांदे आणि टोपी जास्त महत्त्वाची.

शेतात काम करणाऱ्यांसाठी मात्र मी हे जॅकेट सुचवणार नाही. धूळवाफ पेरणी असो की रोप लावण, चिखल, काटे आणि वाकून करायचं काम यात नाजूक कोट दोन हंगामांतच फाटेल. तिथे इरल्याचं शहाणपण अजूनही मोलाचं आहे. इरलं पाठीवरून पाणी घालवायचं, पण खालून सगळं उघडं असल्यामुळे आत वारा खेळायचा आणि वाकून लावण करणारी बाई घामानं गुदमरायची नाही. दुकानात जॅकेट हातात घेतलं की त्यात हा वारा कुठून येणार आहे, ते मी आधी शोधतो.

लेबलवरचे शब्द आणि आकडे

दुकानात तीन प्रकारचा माल एकाच रांगेत टांगलेला असतो. विंडचीटर वारा अडवतो आणि भुरभुरीला दहा मिनिटं तग धरतो. त्यावर बहुधा ‘वॉटर रेझिस्टंट’ किंवा ‘वॉटर रिपेलंट’ असं लिहिलेलं असतं. वळवाच्या सरीत त्याचा निभाव लागत नाही. दुसरा प्रकार पीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा रेनकोट. त्यातून पाण्याचा थेंब जात नाही आणि हवासुद्धा जात नाही. तिसरा प्रकार म्हणजे नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा लेप दिलेलं किंवा पातळ पडदा चिकटवलेलं जॅकेट. आपल्याला हा तिसरा प्रकार हवा.

त्यावर दोन आकडे असू शकतात. पहिला मिलिमीटरमध्ये असतो. ५,००० मिमी म्हणजे त्या कापडावर पाच मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी झिरपत नाही. रोजच्या चालण्या-फिरण्याला ३,००० ते ५,००० पुरतात. दुचाकीवर वारा थेंब दाबतो आणि सॅकचे पट्टे खांद्यावर कापड दाबून धरतात, म्हणून तिथे ८,००० ते १०,००० असेल तर चांगलं. १५-२० हजारांसाठी जास्तीचे पैसे देऊ नका. तो आकडा बर्फाच्या डोंगरात दिवसदिवस काढणाऱ्यांसाठी आहे. पँट घेणार असाल तर मात्र आकडा जॅकेटपेक्षा वरचा बघा, कारण गाडीच्या ओल्या सीटवर बसल्यावर अंगाच्या वजनाचा दाब कापडावर येतो.

दुसरा आकडा घामाच्या वाफेचा: एका चौरस मीटर कापडातून २४ तासांत किती ग्रॅम बाष्प बाहेर पडतं. या आकड्यावर मी फारसा विसंबत नाही. तो मोजायच्या पद्धती अनेक आहेत. एकीनं मोजलेले १०,००० आणि दुसरीनं मोजलेले १०,००० सारखे नसतात, आणि कुठली पद्धत वापरली ते लेबलवर क्वचितच लिहिलेलं असतं. काही ठिकाणी ‘आरईटी’ नावाचा आकडा दिसेल, म्हणजे कापड वाफेला किती अडवतं त्याचं माप. तो जितका कमी, तितकं चांगलं.

घाम: सगळा खेळ इथेच आहे

‘ब्रीदेबल’ कापड घामाची वाफ स्वतःहून बाहेर ढकलत नाही. आत बाष्पाचा दाब जास्त आणि बाहेर कमी असेल तरच वाफ बाहेर जाते. दोन्हींत जितका फरक, तितका वेग. जॅकेटच्या आत अंगालगत साधारण ३३ अंश असतात आणि हवा घामानं भरलेली असते. तिथला बाष्पदाब जवळपास ५० हेक्टोपास्कल धरा. युरोपातल्या ५ अंशांच्या थंडीत बाहेरचा दाब असतो ७ च्या आसपास. मग फरक झाला ४३. आता आपल्याकडचा वळवानंतरचा तास घ्या: २५ अंश तापमान, ९० टक्के आर्द्रता. बाहेरचा दाब २८ च्या पुढे गेलेला असतो. फरक उरला २२, म्हणजे निम्माच. तेच जॅकेट, तेच कापड, पण आपल्याकडे ते निम्म्या ताकदीनं श्वास घेणार. परदेशी परीक्षणं वाचून महाग जॅकेट घेतलेल्यांची इथे निराशा होते ती यामुळे.

त्यात आणखी भर पडते. कापडाच्या बाहेरच्या बाजूला पाणी झटकणारा एक पातळ लेप असतो, त्याला डीडब्ल्यूआर म्हणतात. तो झिजला की वरचं कापड पाणी पितं. पाणी आत येत नाही, पण वाफ जायची भोकं ओल्या कापडाखाली झाकली जातात. आतून घाम साठतो, बाही थंड आणि ओलसर लागते आणि माणूस म्हणतो, ‘जॅकेट गळतंय.’ बऱ्याचदा ते गळत नसतं. आतलं पाणी आपल्याच अंगाचं असतं.

१९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉन ताणून सूक्ष्म छिद्रांचा पडदा तयार केला आणि त्यातून पुढे गोर-टेक्स आलं. तो शोध मोठाच आहे आणि थंड डोंगरात त्याला तोड नाही. पण बेळगावच्या मे महिन्यात पाच आकडी किमतीच्या पडद्यापेक्षा काखेतल्या दोन चेनी जास्त काम करतात. म्हणून जॅकेट हातात घेतल्यावर या चार जागा तपासा.

काखेखाली उघडणारी चेन आहे का? असली तर किमान वीतभर लांब असावी आणि एका हातानं उघडता यावी. पाठीवर आडव्या झालरीखाली जाळी आहे का? स्वस्त जॅकेटांत काखेतली चेन नसली तरी ही झालर बरेचदा असते आणि दुचाकीवर ती छान चालते, कारण समोरून शिरलेली हवा तिथून निघून जाते. खिशाचं अस्तर जाळीचं आहे का? तसं असेल तर पाऊस कमी झाल्यावर खिशाच्या चेनी उघड्या ठेवून वारा आत घेता येतो. आणि मुख्य चेन खालून वरही उघडते का? स्कूटरवर बसल्यावर पोटाजवळ वीतभर उघडली तर बरं वाटतं.

या चारपैकी दोन तरी असावीत. एकही नसेल तर लेबलवर काहीही आकडा असो, जॅकेट ठेवून द्या.

आत काय घालता यालाही महत्त्व आहे. सुती बनियन किंवा जाड टी-शर्ट घाम पिऊन ओला राहतो. त्यावर पीयूचा लेप चिकटला की नकोसं होतं. शक्य असेल तर पातळ, लवकर सुकणारा पॉलिएस्टरचा शर्ट घाला. उघड्या हातांवर नुसता लेप चिकटतो, म्हणून अर्ध्या बाह्यांचे कपडे घालणाऱ्यांनी बाहीला आतून जाळी असलेलं जॅकेट बघावं.

कापड आणि थर

शहापूर-वडगावच्या विणकरांना डेनियर समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी: ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. २० डेनियरचं जॅकेट मुठीत मावतं, पण सॅकच्या पट्ट्याखाली आणि काटेरी कुंपणाला ते टिकत नाही. ७० डेनियर मजबूत असतं, पण घडी मोठी होते. रोजच्या वापराला ३० ते ५० मधलं मला योग्य वाटतं. अशा जॅकेटचं वजन २०० ते ३५० ग्रॅमच्या दरम्यान येतं.

नायलॉन घासण्याला जास्त टिकतं. पॉलिएस्टर पाणी कमी शोषतं आणि उन्हात लवकर विटत नाही. आपल्या उन्हात गाडीवर वापरायचं असेल तर मी पॉलिएस्टरकडे झुकेन.

थरांचे तीन प्रकार सांगितले जातात. दोन थरांचं जॅकेट म्हणजे लेप दिलेलं कापड आणि आत सुटं जाळीचं अस्तर. किमतीला बरं, अंगाला चिकटत नाही, थोडं जाड. अडीच थरांमध्ये अस्तर नसतं, लेपावर बारीक ठिपक्यांची छपाई असते. ते सगळ्यात हलकं, पण घामात अंगाला चिकटतं. तीन थरांचं सगळ्यात चांगलं आणि सगळ्यात महाग. आपल्या कामाला जाळीच्या अस्तराचं दोन थरांचं जॅकेट बहुतेकांना पुरेल. घडी लहान हवी असेल तरच अडीच थर घ्या.

शिवण, चेन, गळा, टोपी

कापड कितीही चांगलं असलं तरी सुईनं पाडलेल्या भोकांतून पाणी येतं. म्हणून जॅकेट उलटं करून प्रत्येक शिवणीवर आतून पारदर्शक किंवा राखाडी टेप चिकटवलेली आहे का बघा. खांदा, टोपी आणि काख इथे ती हवीच. काही जॅकेटांत टेप फक्त खांद्यावर असते आणि बाजूच्या शिवणी उघड्या असतात. चालणाऱ्याला ते चालेल, दुचाकीवाल्याला नाही. टेपचं टोक नखानं हलकेच उचलून बघा. नव्या मालातच सुटत असेल तर पहिल्या हंगामातच निघेल. जॅकेटला जाळीचं अस्तर असेल तर टेप दिसत नाही. तेव्हा खालच्या काठातून किंवा खिशातून हात घालून चाचपा.

चेनवर बाहेरून पट्टी हवी, आणि आतूनही एक पट्टी असेल तर उत्तम. गळा उंच असावा आणि वेल्क्रोनं घट्ट करता यावा. दुचाकीवर हेल्मेटवरून ओघळलेलं पाणी थेट मानेत जातं आणि तिथून पाठभर. हेल्मेटच्या आत टोपी घालू नका, हेल्मेट नीट बसत नाही. बाहेर ठेवली तर वाऱ्यानं फुगते. म्हणून टोपी गळ्यात गुंडाळून ठेवता येणारी किंवा काढता येणारी असावी.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे. काळं आणि गडद निळं घेऊ नका. आभाळ भरलेल्या संध्याकाळी, निपाणीच्या बाजूनं येताना वंटमुरीच्या घाटात पावसाचे पडदे असतात. मागच्या ट्रकवाल्याला गडद कपड्यातला माणूस दिसत नाही. पिवळा, नारिंगी, पोपटी असा रंग घ्या आणि पाठीवर चमकणारी पट्टी बघा. खानापूरच्या लाल मातीचे डाग पडतील, पण ते धुता येतात.

दुकानात उभं राहून काय करायचं

गणपत गल्लीत किंवा खडे बाजारात गेलात की दुकानदार बाहीवर पाणी ओतून दाखवतात: “पूर्ण वॉटरप्रूफ हाय की ओ, बघा.” थेंब घरंगळून जातात आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण त्यातून फक्त वरचा डीडब्ल्यूआर लेप नवा आहे एवढंच कळतं. कापड पाणी अडवतं का, ते कळत नाही. म्हणायचं, “मामा, जरा खोलगट धरून बघूया की.” कापडाचा खळगा करून त्यात दोन-तीन चमचे पाणी घाला आणि खालून अंगठ्यानं मिनिटभर दाबून चोळा. अंगठा ओला झाला तर ते जॅकेट वळवाला पुरणार नाही.

मग लेपाच्या बाजूनं तोंड लावून जोरात फुंका. पलीकडे हवा जात असेल तर तो नुसता विंडचीटर आहे.

मग घालून बघा, आणि नुसतं आरशासमोर उभं राहून नाही. हँडल धरल्यासारखे दोन्ही हात पुढे करा. मनगट उघडं पडतंय का? पाठीकडून जॅकेट वर सरकून कंबर दिसतेय का? खाली वाका, हात डोक्यावर न्या. शर्टावर घालून बघा आणि एक माप मोठं घ्यायला कचरू नका, कारण सैल जॅकेटमध्ये हवा फिरते. साडी किंवा कुर्ता घालणाऱ्या बायकांनी लांबी मांडीपर्यंत आणि बाजूला उघडणारी चीर असलेलं बघावं. आखूड जॅकेटखालून ओला झालेला कुर्ता पायांना चिकटतो.

शाळेच्या मुलांना जॅकेटपेक्षा दप्तरासकट झाकणारा पाँचो बरा. दप्तर जॅकेटवर घेतलं तर पट्ट्याखाली पाणी झिरपतं, आतून घेतलं तर जॅकेट बसत नाही. सायकलवर मात्र पाँचो चाकात अडकू शकतो. तिथे जॅकेट आणि दप्तराला वेगळं कव्हर द्या.

जुना माल ओळखायला आतला लेप अंगठ्यानं घासा आणि वास घ्या. चिकट लागलं किंवा आंबूस वास आला तर पीयू विघटन पावू लागलं आहे. दमट हवेत कपाटात पडून राहिलं तरी असं होतं. कितीही सूट मिळत असली तरी ते घेऊ नका.

किती खर्च करावा

ढोबळ हिशोब असा. पाचशेच्या आत बहुधा पीव्हीसी मिळतं. आठशे ते दीड हजारात टेप लावलेलं, पाठीला जाळी असलेलं जॅकेट शोधून सापडतं. दीड ते तीन हजारांत काखेतल्या चेनी, चांगला गळा आणि लहान घडी मिळायला लागते. रोज वीस-तीस मिनिटं गाडी चालवणाऱ्यानं या तिसऱ्या गटात जावं. वर्षातून चार-पाच वळीव झेलणाऱ्याला दुसरा गट पुरे. घाई नसेल तर गणपती झाल्यावर विचारा. दुकानदारांना उरलेला माल काढायचा असतो. पुढच्या वळवासाठी घेऊन ठेवता येतं, फक्त वर सांगितलेली अंगठ्याची परीक्षा विसरू नका.

ऑनलाइन घेताना परत करण्याची मुदत बघा आणि मुदतीतच घरी चाचणी करा. आत टिश्यू पेपरचे तुकडे खांदा, काख आणि छातीपाशी ठेवा, जॅकेट हँगरला लावून बंद करा आणि शॉवरखाली दहा मिनिटं धरा. कुठला कागद भिजला त्यावरून कुठली शिवण गळते ते कळतं. लेबल काढू नका. आणि परत पाठवायचं असेल तर पूर्ण सुकवून पाठवा.

टिकवायचं कसं

हलक्या जॅकेटचा मोठा शत्रू गाडीची डिकी आहे. ओलं जॅकेट घडी घालून डिकीत ठेवलं, वरून दुसऱ्या दिवशीचं ऊन आणि खालून इंजिनाची उष्णता, की लेप सुटायला आणि टेप उकलायला लागते. घरी आलात की सावलीत वाऱ्यावर टांगा. सुकल्यावरच डिकीत, तेही सुती पिशवीत, आणि दर वेळी वेगळ्या रेषांवर घडी घालून. ऊन टाळायला अंगावर घ्यायचा असेल तर सुती कोट वेगळा ठेवा. वॉटरप्रूफ जॅकेट उन्हात रोज घातलं तर लेपाचं आयुष्य घटतं.

धुताना दगडावर आपटू नका, ब्रश मारू नका, पिळू नका. थंड किंवा कोमट पाण्यात थोडा पातळ साबण, मग भरपूर पाण्यात दोनदा खळबळून काढा. साबण राहिला तर कापड पाणी प्यायला लागतं. सॉफ्टनर अजिबात नको. घाम आणि धूळ साठली तरी लेप निकामी होतो, म्हणून घाबरून न धुता ठेवणंही बरोबर नाही. थेंब घरंगळायचे थांबले, तर धुऊन सुकवल्यावर लेबल परवानगी देत असेल तर वर सुती कापड ठेवून अगदी मंद इस्त्री फिरवा. उष्णतेनं डीडब्ल्यूआर पुन्हा काम करू लागतो. पीव्हीसीला मात्र इस्त्री लावायची नाही. तरीही उपयोग झाला नाही तर पाणी झटकणारा स्प्रे मिळतो, तो मारा.

शिवणीची टेप एखाद्या ठिकाणी सुटली तर सीम सीलर नावाचा डिंक आतून लावून एक दिवस सुकू द्या. लहान छिद्राला चिकटपट्टीचा गोल तुकडा आतून-बाहेरून लावता येतो, चौकोनी तुकड्याचे कोपरे लवकर उचलले जातात.

वळवात विजा असतात, हे जॅकेट घातल्यावरही लक्षात ठेवा. कडकडाट जवळ आला तर झाडाखाली नाही, पक्क्या इमारतीत थांबा.

आतला लेप पापुद्र्यासारखा निघू लागला की दुरुस्ती होत नाही. तेव्हा पाठीचा चांगला राहिलेला भाग कापून दप्तराचं किंवा गाडीच्या सीटचं कव्हर शिवून घ्या. चेन आणि वेल्क्रो उसवून ठेवा, दुसऱ्या जॅकेटच्या दुरुस्तीला लागतात.